दिवे बघणारी मावशी

सोलापुरातल्या मोटारींची माझ्या थोरल्या मावशीइतकी काळजी आजवर कुणी घेतलेली नाही, आणि मावशीला मोटार चालवता येत नाही. तिच्याकडे आता मोटारही नाही. पण रस्त्याकडेला उभ्या गाडीचे दिवे चालू दिसले की ती जागची हलत नाही. मालक सापडेपर्यंत आजूबाजूची दुकानं पालथी घालते. माझ्या गाडीतून उतरताना "दिवे?" असं विचारते आणि मी "बंद" म्हटल्याशिवाय पाय खाली टेकत नाही. तेवढ्यावरही तिचं समाधान होत नाही. पुढं जाऊन दिव्याच्या काचेवर हाताची सावली धरते, मग मागं जाते, मग वाकून आतला छताचा बारका दिवा बघते. एकदा आजारी नातेवाइकाला भेटायला दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिला शंका आली. "तू बघून ये, तोवर मी ह्यांना काही विचारत न्हाई," म्हणाली. मी खाली जाऊन वर येईपर्यंत पेशंटही बिचारा गप्प पडून होता.

ह्याचं मूळ नव्या पेठेत आहे. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, जुनी गाडी घेतली त्या दिवाळीत दिवे चालू ठेवून दोघं कापड घ्यायला गेले. परत आले तर बॅटरी उतरलेली. ऐन गर्दीत, नवी कोरी साडी नेसलेल्या मावशीनं ती गाडी ढकलली आणि दुकानातल्या बायका पायरीवर येऊन बघत राहिल्या. काका स्टिअरिंग धरून आत बसले होते, हे तिनं त्यांना कधी माफ केलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नवरीच्या थोरल्या बहिणीला नववा महिना लागलेला. तिला जपून आणता आणता तिच्या नवऱ्याला उशीर झाला आणि त्याची गाडी सगळ्यांच्या मागं, फाटकाच्या तोंडाशी लागली. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात मावशी बाहेरून आली, तडक स्टेजवर चढली आणि तिनं भटजींच्या हातातला माईक घेतला.

"फाटकाजवळची राखाडी गाडी कुणाची हाय? दिवे चालू हायेत. आधी ते बंद करा, अक्षता मग टाका."

सगळं कार्यालय हसलं. जावईबापू मान खाली घालून बाहेर धावले. परतताना मावशीजवळ थांबून म्हणाले, "हळूच सांगितलं असतं तरी चाललं असतं की, मावशी."

"हळू सांगायला तुमी सापडायला नको व्हय?" मावशी म्हणाली.

जेवणं उरकत आली आणि थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. आवारातल्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. बाहेर पडू शकेल अशी एकच, ती राखाडी, आणि बाकीच्यांची वाटही तिनंच अडवलेली. बायकोला मागं बसवून जावईबापू स्टिअरिंगवर बसले. त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. मावशी कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पाठवणीची रडारड चालू असताना ती रिक्षानं परत आली. ह्या वेळी भटजींनी स्वतःहून माईक पुढं केला.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत," मावशी म्हणाली. "गाडीचे दिवेबी बघून आले."

रडणाऱ्या नवरीसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाच्या वडिलांनी वरातीच्या गाडीचे दिवे एकदा तपासून द्यायची तिला विनंती केली आणि ती तिनं फार गंभीरपणे मान्य केली.

मागच्या महिन्यात मी नवी गाडी घेतली. कुलूप लावल्यावर हिचे दिवे थोडा वेळ राहतात आणि आपोआप विझतात. पहिल्या दिवशी मी मावशीला तसं सांगून पुढं निघालो, तर ती मागंच राहिली. वळून बघितलं. गाडीसमोर, त्या उजेडात, ती पदर सावरून उभी होती. दिवे विझले तशी म्हणाली, "शहाणी हाय की. हिला कुणी सांगावं लागत न्हाई." आणि नेहमीपेक्षा जरा हळू चालायला लागली.

तेव्हापासून गाडी लावली की मीही घाई करत नाही. मावशीच्या शेजारी उभा राहतो आणि दिवे विझले की मगच आम्ही दोघं चालायला लागतो.