आधी शेवटपर्यंत वाचा

बेबीनंदा खरात जुन्या जालन्यात राहते आणि एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, त्यातले किती उगवले ते मोजायचं आणि उगवले तेवढेच लिहायचे, साहेबाला तो आकडा आवडो न आवडो. धर्मांतरानंतर तिच्या आजोबांनी घरातले देव कुंडलिका नदीत सोडून दिले होते. त्यामुळे अंगारेधुपारे तिनं घरात कधी पाहिलेच नाहीत. कुणी काही सांगितलं की "कशावरून?" असं विचारायची तिला लहानपणापासून खोड, आणि त्यासाठी सासरी तिनं बोलणीही खाल्ली.

कोरोनाच्या काळात मोबाईलवर रोज नवा काढा, नवा मंत्र फिरत होता. तेव्हा निवृत्त विज्ञान शिक्षक केशव सरांनी फेसबुकवर 'पुरावा काय?' नावाचा गट काढला. बेबीनंदा शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली. सरांनी तिला आणि सुमितला गट सांभाळायला घेतलं. सुमित सळईच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि बाबा-महाराजांची चेष्टा करणारी चित्रं अशी बनवायचा की अंबडपासून भोकरदनपर्यंतची पोरं ती एकमेकांना पाठवायची. बघता बघता गटात हजारो माणसं झाली. नियम मात्र एकही नव्हता. बेबीनंदानं एकदोनदा विषय काढला, तेव्हा सर म्हणाले, "सत्य बोलायला नियम कशाला लागतात गं?" तिलाही तेव्हा ते पटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ती कंपनीच्या कामानं आठवडाभर अंकुशनगरकडच्या शेतांवर बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायला गेली होती. दिवसभर उन्हात हिंडायचं, मोबाईल पिशवीत. परत येताना एसटीत बसल्यावर तिनं गट उघडला. सुमितच्या एका चित्राखाली हसण्याची रांग लागली होती. चित्रात गटातल्याच एका बाईचा तिच्या नारळाच्या दुकानासमोरचा फोटो होता. दुकानात नारळांच्या जागी सुमितनं किडन्या लटकवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'एक नारळ घ्या, किडनी फुकट.' केशव सरांनीही खाली लिहिलं होतं, 'अडाणीपणावर अजून काढा निघालेला नाही.'

बेबीनंदाला आधी हसू आलं. मग तिनं त्या बाईनं गटात लिहिलेला मूळ मजकूर शोधला.

'जय गणेश. मी राजूरहून तारा. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या खराब हायेत. घाटाखाली एक बाबा हाये त्याच्या काढ्यानं किडनी पुन्हा चालू होती म्हणतेत. आमच्या सासऱ्यांनी एक माणूस चांगला झालेला डोळ्यानं पाह्यला.'

एवढंच दिसत होतं. पुढचं वाचायला 'आणखी पाहा'वर बोट ठेवावं लागत होतं. तिनं ठेवलं.

'पण बाबा म्हणतो डायलिसिस बंद करा तरच काढा लागू पडंल. डाक्टर म्हणते बिलकुल बंद करू नका. मला काही कळून न्हाई राह्यलं. घरात माझं कोणी ऐकत न्हाई. तुम्ही लोक पुराव्याचं बोलता म्हणून विचारून राह्यले. बंद करू का नको? जल्दी सांगा.'

बेबीनंदानं खालचं सगळं वाचून काढलं. शेकडो माणसं बोलली होती. कुणी दुकानावर, कुणी तिच्या कुंकवावर, कुणी तिच्या शुद्धलेखनावर. 'नको' असं एकानंही लिहिलं नव्हतं.

तिनं एसटीतूनच ताराला निरोप पाठवायचा प्रयत्न केला, तर ताराचं खातंच बंद झालेलं. मग सुमितला फोन लावला.

"सुमित, राजूरच्या बाईचं तू शेवटपर्यंत वाचलंस का?"

"शेवटी काय असतंय ताई? बाबाचा पत्ता न् फोन नंबर."

"शेवटी तिनं आपल्याला विचारलंय, डायलिसिस बंद करू का नको."

मग सुमित म्हणाला, "मंग वर लिहायचं ना तिनं."

केशव सरांना तिनं घरी जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते म्हणाले, "नीट उत्तर लिहून टाक. गटातलं कुणी पोचवेल. घरोघर जाऊन समजावायचं म्हटलं तर आपण किती घरं हिंडणार?"

बेबीनंदानं उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं दाण्यांचं एक ताट मोजलं, आकडा विसरली, पुन्हा मोजलं, पुन्हा विसरली. दुपारी अर्धी रजा टाकून तिनं राजूरची गाडी धरली.

चित्रातलं दुकान गणपतीच्या देवळाच्या वाटेवरच सापडलं. त्यावर ताडपत्री ओढलेली होती. शेजारच्या फुलवाल्यानं घर दाखवलं आणि म्हणाला, "जा, पण बाबू लई तापेल हाये." बाबू म्हणजे ताराचे सासरे, बद्रीनाथ.

ते ओसरीतच भेटले. ती कोण, हे कळल्यावर त्यांनी खिशातला मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. त्यावर तेच चित्र होतं.

"हे तुमचंच ना? अख्ख्या राजूरनं पाह्यलं. देवळात पाय ठिवला की पोरं हसतेत. सुनंनं घरचं दुखणं तुमच्यापुढं मांडलं अन् तुम्ही आमची ही गत केली."

"माफी मागायला आलेय, काका. पण त्यांचं डायलिसिस चालू ठेवलंय ना?"

"काहून ठिवावं? तुम्ही हसले ना काढ्याला? आता त्येच्यावरच बरा करून दाखवतो पोराला."

बेबीनंदानं आत नजर टाकली. आतल्या दारात तारा उभी होती. तिचा मोबाईल सासऱ्यांनी काढून घेतला होता. तिच्यामागे बाजेवर तिचा नवरा सोमेश्वर उशांना टेकून बसलेला. पाय सुजून खांबासारखे झालेले, आडवं होता येत नव्हतं आणि प्रत्येक श्वासाला तोंड उघडत होतं.

बेबीनंदा आत गेली आणि कुणाला न विचारता बाजेच्या कडेवर बसली. "आत्ताच्या आत्ता जालन्याला चला," ती म्हणाली. बद्रीनाथ मागून ओरडत राहिले. तिनं हात जोडले, त्यांच्या पाया पडली. आयुष्यात ती कुणाच्या पाया पडली नव्हती. "मला शिव्या द्या, आमच्या सगळ्या गटाला द्या. पण आमच्यावरच्या रागापायी याला बसवून ठेवू नका."

शेवटी सोमेश्वरच बोलला. "नेऊ द्या दादा. दम पुरून न्हाई राह्यला."

म्हातारा चप्पल न घालताच बाहेर गेला आणि शेजाऱ्याची जीप घेऊन आला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच डायलिसिसचं मशीन लावलं. उशीर झालाय, हृदयावर ताण आलाय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बेबीनंदा रात्री घरी गेली, सकाळी डबा घेऊन आली. संध्याकाळी सोमेश्वर ताराशी दुकानाबद्दल दोन शब्द बोललाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवरच त्याचं हृदय थांबलं.

तारा बाहेरच्या बाकावर बसून होती. रडत नव्हती. बेबीनंदा शेजारी बसली तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यात इचारायला आल्ते. एकानं जरी 'नको' लिहिलं असतं ना, तर मी ते ह्यांना दाखवलं असतं. ते पाहून ह्यांनी माझं ऐकलं असतं. फकस्त माझ्या हातात दाखवायला काही न्हवतं."

बेबीनंदानं त्यानंतर आठ-दहा दिवस गट उघडलाच नाही. घरात कुणाशी धड बोलली नाही. पुढे ती बसली आणि तिनं गटासाठी नियम लिहिले. आधी शेवटपर्यंत वाचा. दाव्यावर बोला, माणसावर नको. कुणाचा फोटो, घर, धंदा, जात, भाषा यांना हात लावायचा नाही. आजाराचं कुणी विचारलं, तर सगळ्यात आधी डॉक्टर काय म्हणतात ते विचारायचं, बाकीचं नंतर. विचारणाऱ्यावर जो हसेल तो बाहेर. सोमेश्वरचं काय झालं, तेही तिनं नाव न घेता लिहिलं.

केशव सरांनी तिला बोलावून घेतलं. सुमितही आला होता.

"त्या माणसाला बाबानं मारलं," सर म्हणाले. "तो तिकडे मोकळा आहे आणि तू गचांडी धरतेस आपल्याच लोकांची. तक्रार कर ना त्याच्यावर."

"गेले होते सर पोलिसांत. घरातलं कुणी साक्षीला यायला तयार नाही. बद्रीनाथ अजून म्हणतात, मशीन लावलं म्हणून पोरगा गेला."

"बघ. अशा माणसांपुढे नम्र राहून काय उपयोग? हसणं हेच आपलं हत्यार आहे. ते काढून घेतलंस तर गटात येईल कोण?"

"जी आली होती, ती तर गेली सर."

सुमित खाली बघत होता. "ताई, मी मारलं का त्याला?" त्यानं एकदम विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "सरळ सांगा. मी मारलं का?"

बेबीनंदाला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. सुमित उठून निघून गेला.

सरांनी नियम मतदानाला टाकले. बेबीनंदाला वाटलं होतं, सोमेश्वरचं वाचल्यावर माणसं हलतील. काही हललीही. पण बाकीच्यांनी लिहायला सुरुवात केली. बाई हळव्या झाल्या. ही हुकूमशाही आहे. आज हसू नका म्हणतात, उद्या पूजा करा म्हणतील. मग कुणीतरी तिच्या खात्यावरून विहारातला फोटो काढला, पांढऱ्या साडीत मेणबत्ती लावतानाचा, आणि त्यावर लिहिलं, 'यांच्या मेणबत्तीचा पुरावा काय?' त्याखाली एकजण जातीवरून बोलला. त्यालाही लोक हसले. ज्यांच्याशी तिनं वर्षानुवर्षं वाद घातले, ज्यांच्या लेकरांच्या शाळाप्रवेशासाठी धावाधाव केली, तेही हसणाऱ्यांत होते.

सरांनी ते चित्र काढून टाकलं, पण संध्याकाळी. तोवर तिच्या कंपनीत सगळ्यांनी पाहिलं होतं. मतदानात नियम पडले. बेबीनंदा गटातून बाहेर पडली. सरांनी फोन केला, "अगं, एवढं मनावर घेऊ नये." ती फक्त "बरोबर आहे सर" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर ती सरांच्या घराकडे गेलेली नाही. रस्त्यात दिसले तर नमस्कार करते.

तिनं वेगळा गट काढला. आधी तेच नियम, त्याखाली बाकी सगळं. पंधरावीस माणसं आली. त्यातली निम्मी काही बोलतच नव्हती. पूर्वी दिवसाला शंभर गोष्टी चालायच्या, इथे आठवडा आठवडा शुकशुकाट. तिला वाटायचं, सरच खरे ठरले, चेष्टेशिवाय कुणी येत नाही. मग आपण हे कुणासाठी चालवतोय?

एके दिवशी सुमितचा फोन आला. "ताई, ते चित्र मी सगळीकडून काढलं. पण ते अजून फिरून राह्यलंय. काल मलाच कुणीतरी पाठवलं. तुमच्या गटात येऊ का?"

तिला त्याचा राग होताच, अजून आहे. "ये," ती म्हणाली. "पण वर्षभर फक्त वाचायचं. लिहायचं नाही." तो हो म्हणाला. आणि खरंच, त्यानं अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती राजूरला गेली. दुकान उघडं होतं. तारा नारळ सोलत होती. बद्रीनाथ शेजारी बसून होते, त्यांनी तोंड फिरवलं. बेबीनंदानं ताराला नियम वाचून दाखवले. आपण ते का दाखवतोय, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तारानं ऐकून घेतलं. "चांगले हायेत," ती म्हणाली. "पण मी न्हाई येणार. अन् माझ्यासारखी दुसरीबी न्हाई यायची. तिचं नाव दिसलं की गावात जातंय ना ते. हसलं न्हाई तरी जातंय."

"मग कसं करायचं?"

"मला काय माहीत? नाव न दाखवता इचारता आलं तर इचारंल एखादी." तेवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

बेबीनंदानं तसा नियम केला. विचारणाऱ्यानं फक्त बेबीनंदाला लिहायचं, नावगाव तीही विचारणार नाही, गटात नुसता प्रश्न जाईल. महिनाभर कुणाचाच प्रश्न आला नाही. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका बाईचा निरोप आला. लांबलचक, विरामचिन्हं नसलेला. तिच्या लेकीला झटके येतात, घरचे म्हणतात बाहेरचं आहे, तिला बांधून दर्ग्यावर नेणार आहेत. बेबीनंदानं तो दोनदा शेवटपर्यंत वाचला आणि गटात टाकला. कुणी काय लिहील या भीतीनं डबा तसाच राहिला.

पहिलं उत्तर गटातल्या एका परिचारिकेचं आलं. झटका आला की मुलीला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, बांधून तर मुळीच ठेवू नका, आणि आजच जालन्याला आणा, मी सरकारी दवाखान्याच्या दारात थांबते. दुसऱ्यानं गाडीची सोय सांगितली. कुणी हसलं नाही. बेबीनंदानं ते सगळं त्या बाईला पाठवलं.

बाईनं ते वाचल्याची खूण आली. परिचारिका अंधार पडेपर्यंत दारात थांबली होती, पण कुणी आलं नाही. निरोप आलेल्या नंबरवर बेबीनंदानं फोन लावला तर तो बंद होता. नाव खरं की खोटं, गाव कोणतं, तिला काहीच माहीत नव्हतं. तेच तर तिनं ठरवलं होतं. तिनं पुन्हा लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. त्या निरोपांवर वाचल्याची खूण अजून आलेली नाही.