अर्धा आटा सैल

सावकाशरावांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. "लॅपटॉप कधी मिळेल?" या प्रश्नाला त्यांचं वर्षानुवर्षं एकच उत्तर ठरलेलं होतं, "सावकाश होईल." गिऱ्हाइकांनी तेच त्यांना चिकटवून टाकलं. सुरुवातीला ते चिडत. नंतर नंतर बायकोसुद्धा रागावली की "अहो सावकाशराव" म्हणू लागली, तेव्हा त्यांनी हात टेकले.

दुकान व्यापारी संकुलाच्या तळघरात होतं. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात हे. लॅपटॉपचं कुठलंही दुखणं ते बघत, पण जीव होता तो टचपॅडवर. बोट टेकलं की खुळखुळणारं टचपॅड आलं की शेजारपाजारचे दुकानदार "नवीन टाका" म्हणून मोकळे होत. यांना ते पटत नसे. आधी ते मागचं झाकण उघडत आणि खालची बॅटरी फुगून पॅडला ढकलत नाही ना, ते बघत. मग पाळी स्क्रूंची. फार आवळले तर क्लिक होत नाही, सैल राहिले तर आवाज करतात. या दोन्हींच्या मधली जागा सापडेपर्यंत सावकाशराव कुणाशी बोलत नसत. ती सापडली की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा शेजारच्या पत्र्यावर, अगदी वेडावाकडा. वाळल्यावर स्क्रू जागचा हलत नाही, आणि कुणी हलवलाच तर थेंबाला तडा जातो. बाटली अर्थातच बायकोची. "माझ्या बोटांपेक्षा तुमच्या स्क्रूंचेच लाड जास्त," असं ती म्हणे आणि नवी बाटली आणताना एकीऐवजी दोन आणे.

काउंटरवर बसे त्यांचा भागीदार, भिडू. दोघं एकाच वर्गात हे काम शिकले, एकाच डब्यात जेवले आणि एकाच टेबलावर धंदा सुरू केला. भिडूला बारीक काम जमेना, पण जीभ अशी गोड की भांडायला आलेला माणूस माऊस विकत घेऊन जाई. म्हणून वाटणी झाली. सावकाशरावांनी दुरुस्त करायचं, भिडूने यंत्र पुसून, चालवून बघून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. त्याने काय पुसलं नि काय बघितलं हे सावकाशरावांनी कधी विचारलं नाही. भावासारख्या माणसाला कुणी असं विचारतं का?

आणि गिऱ्हाइकं परत परत येत. हा सावकाशरावांचा खरा अभिमान. संगीत शिकवणाऱ्या बाई, औषधांच्या दुकानातले काका, नकाशे काढणारा इंजिनियर, सगळे काही महिन्यांनी हजर. "पुन्हा खडखडतंय हो, पण तुमच्याशिवाय कुणाकडे न्यावंसं वाटत नाही." घरी जेवताना सावकाशराव हे रंगवून सांगत. एकदा बायको सहज म्हणाली, "परत येतात म्हणजे दुरुस्त होत नसेल नीट." त्या दिवशी सावकाशरावांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला नाही. माणसं जिव्हाळ्याने येतात, हे या बाईला कळू नये!

भाषांतर करणाऱ्या एक बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दुपार होती आणि भिडू डबा घेऊन वर जेवायला गेला होता. बाई लाजल्यासारख्या उभ्या होत्या.

"माझेच हात जड असणार," त्या म्हणाल्या. "आता मी इतकं हळू टाइप करते की मुलगी म्हणते, आई, कुणी झोपलंय का? काम वेळेत होत नाही. एक प्रकाशक तर हातचा गेलाच. तरी मनगट टेकलं की हे वाजतंच."

"संध्याकाळी या," सावकाशराव म्हणाले. त्यांनी 'सावकाश' म्हटलं नाही, इतकी त्यांना बाईंची दया आली.

परत आलेलं यंत्र एरवी भिडूच आधी साफ करून, जुना थेंब खरवडून त्यांच्या टेबलावर ठेवी; आज तो नव्हता. झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब होता. छान गोल, नीटनेटका, स्क्रूच्या बरोब्बर मधोमध. पत्र्याला कुठे शिवलेलासुद्धा नव्हता. असला थेंब सावकाशरावांनी जन्मात टाकला नव्हता, कारण तो काही धरूनच ठेवत नाही. ती निव्वळ शोभा. खालचा स्क्रू अर्धा आटा सैल होता. त्यांनी सकाळीच फळीवर आलेलं औषधवाल्या काकांचं यंत्र उघडलं. तोच गोल, तोच अर्धा आटा. बाटली तर दुकानाच्या खणात असे, आणि खण उघडणारी माणसं दोनच.

भिडू दात कोरत आला. दोन्ही उघडी यंत्रं बघून जागीच उभा राहिला.

"हे तू केलंस?"

भिडूने आधी हसून बघितलं. ते चालेना, तेव्हा तो स्टूल ओढून बसला.

"तू एकदा दुरुस्त केलंस की माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही. दुकान चालणार कसं? मी काही मोडलं नाही कुणाचं. अर्धा आटा, बस. दर वेळी तूच नीट करून देतोस, गिऱ्हाईक खूश."

"मी तुझ्यावर डोळे झाकून..."

"तूही खूशच होतास की! 'लोकांना माझ्याशिवाय करमत नाही' म्हणून नाचायचास इथे. ती माणसं मी आणून देत होतो तुला."

सावकाशरावांना संताप यायला हवा होता. तो नंतर आलाही. पण त्या क्षणी त्यांना नुसतं लुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचा जिव्हाळा या माणसाने स्क्रूड्रायव्हरने तयार केला होता, आणि त्यातलं कोण खरोखर आपणहून आलं हे आता शोधायची सोय नव्हती. यापेक्षा त्याने गल्ला उचलून पळ काढला असता तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." भिडूने खांदे उडवले. डबा उचलला, तो दोघांचा होता हे न आठवता, आणि जिना चढून गेला.

बाई संध्याकाळी आल्या. टचपॅड दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि चेहरा फुलला. "बघा! म्हणून मी दुसरीकडे जातच नाही."

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. सावकाशराव म्हणाले, "तुमचे हात जड नाहीत, बाई. स्क्रू मुद्दाम सैल केला जात होता. इथेच, आमच्या दुकानात."

बाईंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी सावकाशरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लॅपटॉप छातीशी धरला.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता," त्या म्हणाल्या.

कुणी केलं, हे त्या विचारतील म्हणून सावकाशराव वाट बघत राहिले. बाईंनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते दुकान म्हणजे एकच माणूस होता.