शोभावैनीची बिरवाडीची खानावळ

पुतण्या मंगेशचा फोन आला तेव्हा मी गावी, कापड्याला, भाताच्या खाचरात बांध घालत होतो. “काका, आई गेली…” एवढंच म्हणाला. मी फावडं तिथेच टाकलं आणि बिरवाडीची वाट धरली. त्याला आता महिना होऊन गेला.

शोभावैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, आणि वैनी घराच्या पडवीत कामगारांसाठी खानावळ चालवायची. मटण किंवा कोंबडी जवळजवळ रोज, वर सुकट, पापड, लोणचं. तिच्या हातच्या रश्श्यासाठी पोरं लांबून यायची. सगळ्यात जास्त दादा जेवायचा. एका दुपारी जेवून हात धुताना त्याचं तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी कित्येक वर्षं वाढलेला असणार. “मटण म्हणजे विष नाही हो,” ते म्हणाले, “पण रोज, तेही एवढ्या तेला-मिठात, वर तंबाखू…” मग त्यांनी वैनीच्याही दंडाला पट्टा बांधला. तिचाही बीपी तसाच चढलेला निघाला.

दादाला घरी आणल्यावर वैनीने ठरवून टाकलं. मटण फक्त रविवारी, मीठ-तेल निम्मं, पापड-लोणचं बंद. इतर दिवशी कुळथाचं पिठलं, चवळी, भाजी. पोरं चिडली. “वैनी, दिवसभर घाम गाळायचा नि ताटात पिठलं?”

“घाम गाळतोस ना? म्हणूनच जपतेय तुला. बस, जेव.”

बरीच जणं दुसऱ्या खानावळीत गेली. मीही म्हणालो, “वैनी, धंदा बुडेल.” ती भाकरी थापतच म्हणाली, “बुडू दे, भावजी. माझ्या हातचं खाऊन आडवं झालेलं माणूस मला परत नाय बघायचं.” आणि खरंच काही महिने पडवी अर्धी रिकामीच असायची. ती मात्र हटली नाही. हळूहळू काही जण परतले, काही नवे आले.

दादाला वळवणं याहून अवघड होतं. काठी टेकत चालू लागल्यावर एकदा तो औषधं आणायला म्हणून महाडला गेला आणि चवदार तळ्याजवळच्या एका हॉटेलात खिम्याची प्लेट मागवून बसला. वैनीला कुणीतरी लगेच फोन करून सांगितलं. ती रिक्षाने गेली, त्याच्यासमोर बसली, प्लेट ओढून घेतली आणि निम्मा खिमा स्वतः खाल्ला. “परत असं केलंत तर निम्मी प्लेट माझी,” ती म्हणाली. “तुमचा चढेल तेवढा माझा पन चढू दे.” दादाने पुन्हा ते हॉटेल पाहिलं नाही.

दादा सावरला. वैनीच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. ज्या वर्षांत तिने कधी बीपी तपासलाच नव्हता, त्या वर्षांनी तिची मूत्रपिंडं निकामी करत आणली होती. डायलिसिसहून आली की थोडी पडायची आणि पुन्हा चुलीपाशी. मी रागावलो तर म्हणायची, “पोरं जेवायची थांबलीत ना.” शेवटच्या आठवड्यात उठवेना, तेव्हा सुनेला खाटेवरून सांगत होती… मीठ आत्ता नको, उतरवताना घाल, चिमूटच.

वैनीचे दिवस झाल्यावर मला वाटलं, खानावळ आता बंद होणार. परवा सहज डोकावलो. पडवीत ताटं मांडली होती, सून वाढत होती. दादा बाकावर बसून डाव्या हाताने बिरड्याचे मोड आलेले वाल सोलत होता. एक वाल सोलायला त्याला वेळ लागत होता, पण परात अर्धी भरली होती. एका नव्या पोराने विचारलं, “काका, मटण कधी असतं?”

“रविवारी,” दादा वर न बघता म्हणाला. “नि मीठ कमी असतं. चालत असंल तर बस.”

पोरगा बसला.