माहेरचा वजनकाटा

"जन्माला आलात तेव्हा केवढ्या होतात?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पाठ करून आणलेलं सगळं फुकट गेलं, कारण आमच्या घरात या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांच्या पाठीवरून गेलेल्या प्रत्येक पोत्याचं वजन व्हायचं, मग कांदा असो की गूळ. आई तिथेच कांदा निवडायला बसायची. आवक कमी असली की संध्याकाळी चहा-चपाती, आणि चपाती पुरली नाही तर नुसता चहा. आम्ही तिन्ही भावंडं घरातच जन्मलो. आम्हाला काट्यावर घालावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

"वजन नाही माहीत," मी म्हटलं. "पण आई म्हणते, पायलीत घातली असती तर मावले असते."

समोरच्या बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "पायलीत काय, शेरातसुद्धा मावतात काही. बसा." इतका वेळ मी उभीच होते, हे तेव्हा मला कळलं.

अशी माझी निवड झाली. एम. ए., भूगोल. आमच्या अख्ख्या गल्लीत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. पगार झाल्याबरोबर दारावर पाटी लावली, नावापुढे पदवीसकट. दार पत्र्याचं, पाटी पितळेची. तुम्ही हसा खुशाल, पण आई ती दर रविवारी चिंचेने घासायची.

तर मुलाखत घेणाऱ्या त्या बाई म्हणजे आमच्या मॅडम. एका मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग शिकवायच्या. सकाळी मुलांना घेऊन वॉर्डात, दुपारी आम्हा माहिती गोळा करणाऱ्या मुलींना घेऊन बिबवेवाडीच्या डोंगराकडच्या वस्तीत. गरोदर बाई दिवसभरात किती वेळ उभी असते आणि तिचं बाळ केवढं होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसतानाही बसायची परवानगी नसलेल्या बायका. "गोळ्या सगळे मोजतात," मॅडम म्हणायच्या, "उभं राहणं कोण मोजतं?"

शिकवणारी मंडळी त्यांना 'आल्या संशोधक' म्हणायची आणि संशोधनवाले 'आल्या मास्तरीणबाई'. विभागप्रमुख सर शनिवार पेठेतले. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आपण नक्की कुठल्या खात्यात आहात ते एकदा कळवा, म्हणजे पगार कुठे पाठवायचा ते ठरवता येईल."

"पगार इकडे पाठवा, टोमणे तिकडे," मॅडम म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

माझी वस्तीतली पहिली भेट मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी एका बाईला विचारलं, "आपल्या दैनंदिन आहारात प्रथिनांचं प्रमाण कितपत असतं?" ती घाबरून म्हणाली, "ती आमच्या रेशनला येत नाहीत." मॅडम दाराबाहेर जाऊन हसल्या, मग आत येऊन चुलीपाशी बसल्या आणि आज कालवण कशाचं, असं विचारलं. पुढचा अर्धा तास ती बाईच बोलत होती. ज्या गल्लीत मी वाढले तिच्यासारख्याच गल्लीत मी असं पुस्तकी का बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. पितळेच्या पाटीचा परिणाम असावा.

आता खरी गंमत ऐका. बाळाचं वजन पहिल्या तीन दिवसांत घ्यायचं, तेही आमच्याच काट्यावर, कारण पुष्कळ ठिकाणी अडीच नाहीतर तीन असं गोल करून लिहायची पद्धत. हे सगळं कागदावर चोख ठरलेलं. वर्ष सरत आलं आणि पाहतो तर बाळंत व्हायच्या वेळी निम्म्याहून जास्त बायका जागेवरच नाहीत! सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं आणि बाई निघाली माहेरी. कोणी बार्शी, कोणी परळी, कोणी पार देगलूर. आमच्या हातात सगळे सासरचे पत्ते.

हे आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. संशोधनाची आखणी करणाऱ्यांत चार बायका होत्या आणि चौघींचंही पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं.

"मी तर दोन्ही वेळा साताऱ्याला गेले होते," मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या. "इतकं शिकून आपण आपलंच बाळंतपण विसरलो की गं."

मी म्हटलं, मी समजावते बायकांना. मी घरोघर जाऊन माहेरी न जाण्याचे फायदे सांगू लागले. एका घरात लेकीला न्यायला आलेली आई बसली होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुझं लगीन झालंय का गं?"

"नाही."

"मग कर एकदा. सासूच्या हातचं खाऊन बाळंत हो. आन् मग ये मला सांगायला."

तिची लेक त्याच दुपारी गेली.

पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं: बाळांची वजनं मिळाली नाहीत तर काम थांबवावं लागेल. मॅडमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पुन्हा नव्याने सुरू करायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी मुलांना दोनदा एकच धडा शिकवला आणि मुलांनीही, अर्थातच, ते लक्षात आणून दिलं नाही.

वर्गात उदगीरची एक मुलगी होती. हुशार, पण तोंडी परीक्षेत तोंड न उघडणारी. बहिणीच्या लग्नासाठी ती रजा मागायला आली. मॅडमनी गाव विचारलं, सहीसाठी पेन उचललं आणि तसंच धरून माझ्याकडे वळल्या. "आपली ती पोळीभाजी केंद्रातली, गालावर तीळ असलेली. तिचं माहेर कुठलं गं?"

उदगीरच्या अलीकडचं होतं, आणि तिचे दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि मी तिला सोडायला एसटी स्टँडवर. वजनकाटा गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, याचं सामानाचं तिकीट लागेल. मॅडम म्हणाल्या, तान्ह्या बाळाचं लावता का तिकीट? मग बाळाच्या काट्याचं कसलं?

"बाळ मांडीवर बसतं, मॅडम," कंडक्टर म्हणाला. "हे बसवा मांडीवर."

तो काटा उदगीरपर्यंत मांडीवर बसून गेला.

लग्नाहून आलेल्या त्या मुलीने वजन आणलंच, शिवाय वर्गात पाऊण तास बोलली. ही बाई पुण्यात पोळ्या लाटताना एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून आलटून पालटून उभी राहायची, हे तिने स्वतः उभं राहून दाखवलं. पुस्तकातला कुठलाही शब्द न वापरता. मॅडम मागच्या बाकावर मुलांत बसून ऐकत होत्या.

तिथून सगळं सुरू झालं. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या जिल्ह्यात माहेर असलेली एक बाई. पुण्यात असेपर्यंत दर पंधरवड्याला तिला भेटायचं आणि ती माहेरी गेली की बाळंतपणाला तिकडे. तोच अभ्यास आणि तेच शिक्षण. वजनं जमू लागली आणि पैसेही थांबले नाहीत. सर म्हणाले, "कॉलेज आहे की मोटार स्टँड?" पण त्यांनी रजा अडवल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

कोणी कुठे जायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे. भूगोलाची एम. ए. ना मी! पहिल्याच महिन्यात एका मुलाला शिरूरला पाठवलं. बाई होती बीड जिल्ह्यातल्या शिरूरला, मुलगा पोचला पुणे जिल्ह्यातल्या. त्याने तिथून फोन केला की, या नावाच्या बाईला इथे कोणी ओळखत नाही. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "पाटी आता मोठी करून घे. तिच्यावर नकाशाही मावेल."

पुढे माझं लग्न झालं, खडकीला. दिवस राहिले, मॅडमनी माझंही नाव संशोधनात घातलं आणि सातव्या महिन्यात मीही माहेरी निघाले. खडकी ते मार्केट यार्ड, रिक्षाने. माझ्या वाट्याला आलेला विद्यार्थी पुण्यातलाच. इतरांना एसटीने गाव फिरायला मिळतं आणि मला सिग्नल, अशी त्याची तक्रार होती.

त्याच्याबरोबर मॅडम आल्या. माझी चौकशी झाल्यावर त्या आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं की, तुमच्या वेळी कसं होतं. आई आधी पदरात हसली. मग सांगत गेली. कळा सुरू झाल्या तरी ढीग निवडून व्हायचा होता म्हणून ती उठली नव्हती. माझ्याच वेळची गोष्ट, आणि मी ती पहिल्यांदा ऐकत होते. मी कितीतरी बायकांना हे प्रश्न विचारत फिरले होते. घरी मात्र पदवी दाखवली होती फक्त.

मॅडम गेल्यावर आई म्हणाली, "लई शिकलेली हाय, पर कळतंय तिला."

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी संशोधनातल्या एकाच बाईच्या बाळाचं वजन घ्यायचं उरलं होतं. बार्शीजवळच्या एका गावात, माहेरी. बाळाचा तिसरा दिवस, आणि बाळाची आजी काटा घरात घेऊ देईना. पाचवी पुजल्याशिवाय लेकरू तोलायचं नाही, नजर लागते. दारात बसलेल्या विद्यार्थिनीने रडकुंडीला येऊन फोन केला, तेव्हा इकडे सभागृहात शाल-श्रीफळ मांडलेलं, सरांचं भाषण सुरू होणार.

सरांनी मला मॅडमना बोलवायला पाठवलं. मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, नवीकोरी साडी तशीच धुळीत. फोनवर आजीशी बोलत होत्या. मी थांबले. वजनाचा शब्द नाही. लेकीला झोप लागते का, दूध उतरलं का, पाय सुजलेत तर पायाखाली काय ठेवलंय, रात्री कोण जागतं. मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "अहो, तुम्हीही जरा बसा की. सकाळपासून उभ्याच असाल."

मी एकटीच आत परतले तेव्हा भाषण संपलं होतं. रिकाम्या खुर्चीकडे बघून सर म्हणाले, कोणीतरी घ्या हो ही शाल. ती मी घेतली. फोटोही माझाच निघाला. आईने तो भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीचा सत्कार म्हणून सांगते. मी दुरुस्त करत नाही.

चहाचे कप गोळा होत होते तेव्हा मॅडम आल्या. आजीने स्वतःच काटा आत मागवला होता, त्यावर आपलं जुनं लुगडं अंथरलं होतं. विद्यार्थिनीने आधी लुगडं तोललं, मग लुगड्यासकट बाळ.

"दोन किलो सातशे," मॅडम दारातूनच म्हणाल्या आणि चहा उरलाय का ते विचारलं.

प्राध्यापक हे पद त्यांना मिळालं नाही. सहयोगी प्राध्यापक म्हणूनच त्या निवृत्त झाल्या. त्या संध्याकाळी त्यांचा अभ्यास पूर्ण झाला.