लॅपटॉपमधला भुंगा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपमधून भुंग्यासारखा आवाज यायला लागला. तेव्हापासूनच मी जानेफळला आईबाबांकडे राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. एका मीटिंगमध्ये मी बोलायला सुरुवात केली आणि तिकडून साहेबांनी विचारलं, "तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का?"

चार्जर लावला की हेडफोनमध्येही तो आवाज यायचा, एकसुरी, बूंऽऽऽ असा. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात ठेवला की बारीक व्हायचा, उचलला की पुन्हा मोठा. बोटांना झिणझिण्याही यायच्या. मग मी एक हात पत्र्यावर टेकवून दुसऱ्या हाताने टाइप करायचे. आईला वाटलं, पोरगी शपथ घेत बसलीय.

बाबा निवृत्त लाइनमन. त्यांना कमी ऐकू येतं, पण मोटारींचे आवाज ते पेचकसाने, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने ऐकतात. त्यांनी पेचकसाचं टोक लॅपटॉपला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पंख्याची बेरिंग गेली. मेहकरले घेऊन जाय."

मी बसने मेहकरला गेले. तिथल्या मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने चार्जर लावला, हेडफोन कानावर चढवले. भुंगा गप्प.

"आवाज कुठी हाय, ताई?"

"घरी येतो हो."

"कसा येते? काढून दाखवा बरं."

मी आधी लाजत, हळूच काढला. त्याला तो कळेना, म्हणून पोटातून जोर लावून "बूंऽऽऽ" केलं. मोबाइलची काच बदलायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. दुरुस्तीवाल्याने पंखा उघडून पाहिला, तो ठणठणीत होता. लॅपटॉप परत देताना त्याने विचारलं, "घरच्या बोर्डाले अर्थिंग हाय ना?"

"असणारच. माझे बाबा लाइनमन होते. वायरिंग त्यांनीच केलंय."

"मंग तं पाहूनच घ्या," तो म्हणाला.

घरी हे सांगताच बाबा उखडले. "मी जिंदगीभर खांबावर चढलो, अन् तो मोबाइलवाला मले लाइट शिकोते?"

"अवो, पाहून तं घ्या," आई म्हणाली.

बाबांनी चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावर टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला, म्हणजे पत्र्यात करंट होता. त्यांनी तो झटकून पुन्हा टेकवला. पुन्हा लागला. मग मेन स्विच बंद केला आणि बोर्ड उघडला. आत अर्थिंगची हिरवी तार होती. कशालाच न जोडलेली, सुबक गुंडाळी करून टोकाला काळी टेप लावलेली.

"कोनं केलं हे?" बाबांनी विचारलं.

आई पदराआड हसायला लागली. "तुमीच. अर्थिंगचा खड्डा खंदाचा राह्यला होता. उद्या करतो म्हने. तवा हे पाळण्यात होती." हे म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नळाजवळ स्वतः खड्डा खणला. उन्हाने जमीन दगडासारखी झालेली, पण कुणाच्या हाती टिकाव दिला नाही. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ टाकलं. मीठ कमी पडलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ उचललं.

"मंग मी लोनच्यात काय टाकू?" आईने विचारलं.

"जरा धीर धर ना वो," बाबा खड्ड्यातूनच म्हणाले.

हिरवी तार त्या पट्टीला जोडली आणि भुंगा गेला. टेस्टर लागेना, झिणझिण्या येईनात. मी मीटिंगमध्ये दोन्ही हातांनी टाइप केलं. बाबांनी मात्र त्या दिवशी नीट जेवण केलं नाही. आईने वाढलेली दुसरी भाकर त्यांनी तशीच ठेवली.

सकाळी खिशात टेस्टर घालून ते गल्लीत निघाले. न बोलावता घराघरांत शिरले, फ्रिजला टेस्टर लाव, कूलरला लाव. दुपारी परतले, पंख्याखाली बसले आणि सांगितलं, "आपल्या गल्लीत बहुतेकायच्या घरी अर्थिंगच नाही."

"मंग त्याइले सांगा ना वायरमन बलवाले," आई म्हणाली.

बाबांनी पाण्याचा गिलास हातात धरून ठेवला. "कोनाले बलवतीन? त्याइची वायरिंग बी मीच केली होती ना."

तेव्हापासून ते रोज एकेका घरी खड्डा खणायला जातात. मीठ ज्याचं त्याने आणायचं, हे मात्र आईने ठरवून दिलंय.