गाठीला उपाशी मारणारे

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात हाजराबीच्या तोंडाला सगळे वचकून असत. तिचा नवरा तय्यब कागदाच्या लगद्याच्या हौदावर कामाला. दिवसभर वाकून लगद्यातून कागदाचा ताव उचलायचा आणि डाव्या गालात तंबाखू धरायची, एवढंच त्याचं आयुष्य. १९१३ साली त्या गालात गाठ आली, फुटली, आणि पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिला कॅन्सर म्हटलं. क्लोरोफॉर्म देऊन गालाचा आतला भाग कापून काढला.

घरी सोडताना डॉक्टर हाजराबीला म्हणाले, "मानेतल्या गाठी अजून काढायच्यात. पावसाळा संपल्यावर आणा. पण हा असाच वाळलेला आला तर मी सुरी लावणार नाही. खाऊ घाला."

सांगणं सोपं होतं. तय्यबचं तोंड जेमतेम बोटभर उघडे. फोडणीचा वास आला की तो भिंतीकडे वळे. दुधाचा पेला पुढे केला की दोन घोट घेऊन मागे सारी.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणूस आजारी पडला की गावातल्या रिकाम्या लोकांना काम मिळतं. ते खाटेवर बसत, याच रोगानं कोण कसं तडफडून गेलं ते तय्यबच्या तोंडावर सविस्तर सांगत, त्याच्यासाठी केलेला शिरा स्वतः संपवत आणि उठताना बजावत, "जड काही देऊ नका हां."

या सगळ्यांचा म्होरक्या तय्यबचा थोरला भाऊ कमरुद्दीन. हौदात त्यानं कधी हात बुडवला नव्हता, पण त्याला ठाऊक नाही असा विषय नव्हता. ओतूरच्या बाजारात एका वैदूनं त्याला ज्ञान दिलं होतं.

"गाठ अन्नावर पोसती," तो शिऱ्याची वाटी निपटत म्हणाला. "माणूस उपाशी ठेवला का गाठ उपाशी मरती. निस्ती पेज द्यायची. दुधाचा थेंब नको."

"भाईजी," हाजराबी म्हणाली, "गाठीच्या आधी कोण मरंल, ते इचारलं व्हतं का त्या वैदूला?"

कमरुद्दीननं बायकांच्या अकलेबद्दल चार शब्द सुनावले आणि मिशी पुसली.

वाईट हे की तय्यबला ते पटलं. भूक मेलेल्या माणसाला न खायला कारण हवंच असतं, आणि इथे तर थोरल्या भावानं ते औषध म्हणून दिलं. त्यानं ओठ मिटून घेतले. पातळ पेजेवर दिवस काढू लागला. एका सकाळी उंबऱ्यापाशी कोसळला. हाजराबीनं त्याला एकटीनं उचललं, लहान पोराला उचलावं इतक्या सहज. खाटेवर ठेवल्यावर ती कडाडली.

"गाठीला मारायला निगालात आन् सोताच चाललात. तुमच्या भावाला मयतीत मिरवायची हौस हाय. मला न्हाई."

"भूकच न्हाई गं," तय्यब पुटपुटला.

"भुकेला इचारतंय कोण? बांग झाली का नमाज पडता न्हवं? तसंच खायाचं. बांग झाली का बशी तोंडाला."

त्या दिवसापासून ती दारात बसू लागली. आलेल्याला एकच प्रश्न: "काय खायाला आणलं?" रिकाम्या हातानं आलेले उंबऱ्यावरूनच माघारी. ज्यांना तय्यबची एवढी काळजी होती, त्यांच्यातलं कुणी अंडंसुद्धा घेऊन आलं नाही. गर्दी आपोआप विरली. स्वयंपाक ती शेजारच्या चांदबीच्या चुलीवर करू लागली, म्हणजे वास त्याच्या नाकाशी येऊ नये. गरम वस्तूनं त्याला मळमळे, म्हणून दूध निववून त्यात अंडं आणि गूळ फेटायची. बकऱ्याच्या पायांचं कालवण तिखटाशिवाय शिजवून गाळायची. पेला पाहूनच त्याचं पोट भरे, म्हणून बशीच. पहाटेची बशी तो सगळी पिई. दुपारची कधी ओकून टाकी. मग ती शिव्या देत पुसून घेई आणि थोड्या वेळानं नवी भरून आणी.

एकदा कमरुद्दीन परसातून आत आला. बशीतलं कालवण बघून म्हणाला, "ही तुला मारतीय, तय्यब."

तय्यबनं बशी सावकाश संपवली. वाकड्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, तरी म्हणाला, "भाई, माझ्या वाटचं उपाशी तुमीच ऱ्हावा आता. अंगावर बरंच हाय तुमच्या."

कमरुद्दीन तडक निघून गेला आणि हाजराबीनं नवऱ्यावर करणी केल्याचं बाजारभर सांगत सुटला.

पावसाळ्यानंतर हाजराबीनं तय्यबला टांग्यानं तळेगावला आणि तिथून आगगाडीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी त्याचा दंड चाचपला आणि सुरीची तयारी करायला सांगितली. मानेतल्या गाठी निघाल्या. मान कायमची एका बाजूला ओढली गेली आणि भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येईना, पण उन्हाळ्यात तो पुन्हा हौदावर उभा राहिला. चार-साडेचार वर्षं त्यानं ताव उचलले. मग इन्फ्लुएंझाची साथ आली आणि तीन दिवसांच्या तापात तो गेला. त्या तापाला गालातल्या गाठीशी काही देणंघेणं नव्हतं. हाजराबीनं चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी हौदावर उभी राहिली.