इंजिन बंद न करता अकोल्याला

अमरावतीहून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. स्कूटर संघमित्रा चालवत होती. मी मागे बसले होते, मांडीवर तिची कुबडी आडवी धरून.

मी मूळची साताऱ्याची. संघमित्रा आणि मी शिकत असताना वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. पुढे ती अमरावतीजवळच्या वलगावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि दरवर्षी मला वऱ्हाडात बोलावत राहिली. त्या वर्षी एकदाची गेले. आम्ही चिखलदऱ्याला जाणार होतो, पिशव्याही भरून ठेवल्या होत्या. पण सकाळीच शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप आला: तिचा धाकटा भाऊ प्रदीप आदल्या दिवशी कपाशीवर औषध फवारताना शेतातच पडला, त्याला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, आई एकटीच सोबत आहे. प्रदीप दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करायचा. त्या वर्षांत ते काम करायला माणसं सहज मिळत, कारण दुसरं काम मिळत नसे.

सकाळची रेल्वेगाडी निघून गेली होती. एसटी बंद होती, कारण लोडशेडिंगच्या विरोधात हमरस्त्यावर जागोजागी रास्ता रोको चालू होता. उरली स्कूटर.

ही स्कूटर जरा वेगळी. संघमित्राचा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं बसवलेली, आणि त्यांच्या सांगाड्यात अडकते म्हणून किक काढून टाकलेली. गाडी बिनगिअरची, त्यामुळे ढकलूनही सुरू होत नाही. सगळी भिस्त सेल्फवर, म्हणजे बटण दाबलं की इंजिन फिरवणाऱ्या त्या लहानशा मोटरवर. गेले काही दिवस तो सेल्फ कुरकुरत होता. निघतानाही तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागला.

"दाखवायचा होता ना कुणाला," मी म्हटलं.

"रविवारी दाखवणार होती," ती म्हणाली.

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, बोंडं धरलेली, मधूनमधून तुरीचे तास. एरवी मी गाडी थांबवून बघत बसले असते. त्या दिवशी मला पानांपेक्षा त्यांच्यावरून येणारा औषधाचा उग्र वास जास्त जाणवत होता. तो वास आला की संघमित्राची मान ताठ व्हायची.

मूर्तिजापूर जवळ आलं आणि रस्ता संपला. आडव्या लावलेल्या बैलगाड्या, त्यांच्यामागे बसलेली माणसं, आणि अलीकडे ट्रकांची लांब रांग. आम्ही कडेकडेने पुढे गेलो. एकाने हात आडवा केला.

"बंद करा गाडी. कोनीच जाऊन नाई राहिलं."

संघमित्राने गाडी बंद केली. मी समजावायला गेले, तर माझी भाषा ऐकून तो माणूस आणखीच बिथरला. "तुमी कोठच्या? पेपरवाल्या हाय का सरकारच्या?"

मग संघमित्रा बोलली, आवाज न चढवता. "दादा, माहा भाऊ अकोल्याले भरती हाय. फवारणी करता करता पडला."

त्या माणसाचा हात खाली आला. मागे वळून तो एवढंच म्हणाला, "फवारनीचा हाय." कुणी काही विचारलं नाही. दोघांनी उठून एका बैलगाडीचं जू उचललं आणि वाट करून दिली. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं फवारणीचा म्हणजे काय.

संघमित्राने बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. इंजिन हललंसुद्धा नाही.

वाट मोकळी झालेली पाहून मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि पुढे सरकू लागला. त्याबरोबर सगळी माणसं उठली. कुणी ट्रकच्या बॉनेटवर हात आपटले, कुणी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. आम्ही दोघी बरोबर मध्ये. संघमित्राला पटकन उतरता येत नव्हतं. तिच्यासकट स्कूटर चौघांनी उचलून कडेला, बाभळीखाली नेऊन ठेवली आणि बैलगाडी परत आडवी झाली. त्या गडबडीत कुबडी माझ्या हातून दोनदा पडली.

"रफिकभाईले बोलवा," कुणीतरी म्हणालं.

रफिकभाई त्या गर्दीतच होते. पन्नाशीचे, दाढी पिकलेली, खांद्यावर रुमाल. गावात त्यांचं गॅरेज होतं आणि गावाबाहेर थोडी शेती. त्यांनी बटण दाबून आवाज ऐकला आणि मान हलवली.

"सेल्फ खोलावा लागते. पन दुकान बंद हाय माहं."

"उघडा ना भाऊ," मी म्हटलं.

"ताई, सकाळी बंदसाठी बाजारात मीच फिरलो. एकेकाचं शटर मी खाली ओढायले लावलं. आता माहंच कसं उघडू?"

ते खाली बघत उभे राहिले. संघमित्रा त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "दुकान नाई उघडत. औजारं घरी हायेत. काम इथंच करतो, सगळ्यायच्या समोर."

एकाच्या सायकलवर ते गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. बाभळीखाली पोतं अंथरलं. मोटर काढून उघडली तेव्हा आतून काळी भुकटी सांडली. मोटरला वीज पोचवणारे कोळशाचे दोन चौकोनी तुकडे असतात, त्यांना कार्बन म्हणतात. एक झिजून नखाएवढा राहिला होता, दुसऱ्याचा चुरा झाला होता.

"नवे कोठी भेटतीन आज," रफिकभाई पुटपुटले. पेटीच्या तळाशी ऑटोरिक्षाच्या मोटरचे जुने कार्बन निघाले, पण ते जाड होते. संघमित्राने न विचारता ते हातात घेतले आणि दगडावर घासायला लागली. घासायचे, खाचेत बसवून बघायचे, पुन्हा घासायचे. तिची बोटं काळी झाली, कपाळाचा घाम पुसताना कपाळही काळं झालं.

कार्बनची तार कथलाचा डाग देऊन जोडायची होती आणि वीज नव्हती. विजेसाठीच तर सगळे रस्त्यावर बसले होते. पलीकडे दुपारच्या जेवणाचे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) लावलेले होते. त्या निखाऱ्यांत रफिकभाईंनी डाग द्यायची सळई खुपसली. रोडगे भाजणाऱ्या म्हाताऱ्याने एक फोडून, तूप घालून माझ्या हातात दिला. "खाऊन घ्या बाई. वांग्याची भाजी व्हायची हाय अजून." मी तो संघमित्राकडे धरला. तिने नको म्हणून मान हलवली. मी तो पोत्याच्या कडेवर ठेवला.

तेवढ्यात अकोल्याकडून पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. अधिकाऱ्याने कर्ण्यातून सांगितलं की रस्ता लगेच मोकळा करा, नाहीतर बळ वापरावं लागेल. लाठ्या घेतलेले शिपाई ओळीने उभे राहिले. इकडे घोषणा वाढल्या. आणि त्याच क्षणी रफिकभाईंच्या बोटांतून कार्बनमागची बारीक स्प्रिंग उडाली.

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून धुळीत चाचपडू लागलो. आणखी दोघं-तिघं वाकले. बाभळीचे काटे, गवत, खडी, स्प्रिंग नाहीच. पोलिसांची ओळ चार पावलं पुढे आली. बैल बावचळून दावी ओढायला लागले.

"पेन हाय का कोनापाशी? दाबायचा?" रफिकभाईंनी विचारलं.

माझ्या पर्समध्ये होता. त्यांनी तो उघडून आतली स्प्रिंग काढली, पकडीने तोडली आणि कार्बनमागे बसवली. मोटर जागेवर गेली, बोल्ट आवळले. ते संघमित्राला म्हणाले, "बेटी, हे स्प्रिंग नाजूक हाय. एकडाव गाडी लागली तर लागली. अकोला येतवर इंजिन बंद करू नको."

तिने बटण दाबलं. मोटर कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली. आणि इंजिन लागलं.

बैलगाडी पुन्हा बाजूला झाली. रफिकभाई पुढे होऊन अधिकाऱ्याशी काहीतरी बोलले, शिपायांनी फट दिली आणि आम्ही पलीकडे निघालो. थोडं पुढे गेल्यावर मागून मोठा आरडाओरडा ऐकू आला. मी वळून पाहिलं. नुसती धूळ दिसत होती.

"थांबू नको म्हनले ते," संघमित्रा म्हणाली. ती रडत होती.

पुढे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी सरता सरेना. जागेवर उभं राहून इंजिन गचके द्यायला लागलं. संघमित्रा मूठ किंचित पिळायची, आवाज चढायचा, सोडली की मरायला टेकायचा. दोघी त्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, आजाऱ्याच्या श्वासाकडे लावावेत तसे. फाटक उघडलं तशी तिने मूठ न सोडता गाडी पुढे काढली.

दवाखान्याच्या आवारात शिरल्यावरच तिने चावी फिरवली. लगेच पुन्हा बटण दाबून पाहिलं. टक्.

वॉर्डात फवारणीचे आणखीही होते. प्रदीपचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले. फवारणीच्या औषधाने तो भ्रमात होता आणि त्याचा डावा हात बांधलेल्या जागीच सारखा वर-खाली होत होता. मला आधी कळेना. मग त्याच्या आई म्हणाल्या, "फवारनीचा पंप मारून राहिला. सकाळपासून पंपच मारून राहिला."

संघमित्रा खाटेच्या कडेला बसली. तिने तो हात आपल्या काळ्या हातांत धरला. दाबून नाही, नुसता धरला आणि त्याच्याबरोबर वर-खाली जाऊ दिला. पुष्कळ वेळाने हाताची गती मंदावली. ऊन उतरलं तेव्हा तो थांबला. आम्ही घाबरून त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती. तो झोपला होता.

पुढच्या दिवसांत प्रदीप शुद्धीवर आला, पेज प्यायला लागला. स्कूटरला अकोल्यात नवी मोटर बसली. परतताना आम्ही मूर्तिजापूरला थांबलो. रफिकभाईंच्या मनगटाला पट्टी होती. त्या दिवशी त्यांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं होतं आणि संध्याकाळी सोडलं, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. "भाऊ?" एवढंच रफिकभाईंनी विचारलं. बरा आहे म्हटल्यावर रुमालाने तोंड पुसलं आणि गाडीशी वाकले. नव्या मोटरचा आवाज ऐकून म्हणाले, "बटन लंबा दाबून ठेवायचं नाई. दर पावसाळ्यानंतर खोलून भुकटी साफ करायची. मंग धोका देनार नाई."

चिखलदरा राहिलंच. निघण्याच्या आदल्या दिवशी मी संघमित्राला विचारलं, आता प्रदीप काय करणार?

"फवारनीच," ती म्हणाली. "तोंडाले कपडा बांधतो म्हनते. दुसरं काय हाय त्याच्या हाताले?"

बडनेऱ्याहून माझी रेल्वेगाडी सुटली. घरी गेल्यावर सगळे विचारतील, वऱ्हाड कसं वाटलं. रोडग्यांचं सांगेन, उघड्या रस्त्यावर जोडलेल्या मोटरचं सांगेन, तेवढं सांगता येईल. खिडकीबाहेर कपाशी धावत होती आणि तिच्यात दूरदूर पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत होती. त्यांच्या तोंडाला रुमाल आहे का आणि वारा कुठल्या बाजूने आहे, एवढंच मी अंधार पडेपर्यंत बघत राहिले.